यादीतली शेवटची बंदूक

हेमलॉक रन, पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर १९९१

चि. विल्मास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं रडगाणं लावलं आहेस, पण टोलेडोसारख्या सपाट गावात राहून गुडघा दुखतो कसा, ते मला एकदा समजावून सांग. इथे मी त्र्याहत्तराव्या वर्षी रोज टेकडी चढून येतो. वरच्या बागेत हरणांनी शिंगं घासून सफरचंदाच्या झाडांची सालं सोलली आहेत. त्यातला एक नर चांगला आठ टोकांच्या शिंगांचा असावा. शिकारीचा मोसम उघडायला सात आठवडे आहेत आणि तुझी नेटीवहिनी आत्तापासूनच म्हणतेय की यंदा घरी बसा. ऐकतोय कोण!

आता यादी. लहानपणी नाताळच्या आधी कॅटलॉग मधे ठेवून आपण लिहायला बसायचो, तू बाहुल्या आणि मी बंदुका. तू सोडलंस, मी नाही सोडलं. तर यंदा मला हवी सोळा बोअरची फॉक्स दुनळी. हलकी बघून घेईन, खांदा हल्ली कुरकुरतो. मग खारींसाठी विंचेस्टरची छोटी रायफल. डच केसलरच्या बंदुकांच्या दुकानात एक आहे, पण त्या गाढवाने दस्त्याला वार्निश फासून तिचं वाटोळं केलंय. तिसरी चकमकीची ठासणीची. नेटी म्हणते धूर होतो. होऊ दे की!

आणि शेवटची, बाबांची सॅव्हेज रायफल. कातड्याचा कारखाना बंद पडला त्या साली त्यांनी ती घोंगडीत गुंडाळून नेली आणि विकून आल्यावर जेवले नाहीत, आठवतं? दस्त्यावर त्यांनी चाकूने कोरलेली अक्षरं आहेत. ती कुठे सापडली तर वरच्या तिन्ही खोडून टाकीन.

कळावे. कुरकुर कमी कर आणि लोभ होता तेवढाच ठेव, जास्त झाला तर मला पेलवायचा नाही.

तुझा दादा,
ऑरिन


टोलेडो, ओहायो
२१ ऑक्टोबर

सौ. नेटीवहिनीस,
स. न. वि. वि.

फोन करणार होते. पण तू फोन घेतलास की दादा शेजारी येऊन बसतो, आणि त्याला माझं बोलणं ऐकू येत नसलं तरी तुझा चेहरा तो वाचतो. टपाल तूच आणतेस म्हणून लिहितेय.

त्याची यादी आली. हसत हसत वाचली, शेवटच्या ओळीला मात्र हसू गेलं. वहिनी, बाबांची सॅव्हेज तर त्याच्याकडेच आहे ना गं? चौऱ्याहत्तर साली लिलावात सापडली त्याला. तिथून थेट इथवर गाडी हाकत मला दाखवायला आला होता. माझ्या स्वैपाकघराच्या टेबलावर ठेवून आम्ही दोघं त्या अक्षरांवरून बोटं फिरवत रडलो. माणूस स्वतःचं नाव विसरेल, पण हे कसं विसरेल?

थट्टा असेल तर सांग, म्हणजे त्याला चांगली झापते. नसेल तर माझ्यापासून लपवू नकोस. दोघांच्या तब्येती जपा, आणि माझी आठवण असू दे.

तुझी,
विल्मा


हेमलॉक रन
२८ ऑक्टोबर

चि. विल्मास,
अ. आ.

थट्टा नाही गं. यादीतल्या चारही बंदुका आमच्या कपाटात आहेत. ती वार्निशवाली विंचेस्टर त्याने वसंतातच आणली आणि आठवडाभर पडवीत बसून स्वतःच्या हाताने वार्निश खरवडलं. त्यानंतर तीच विकत घ्यायला तो तीनदा डचकडे गेला. डच भला माणूस. ती विकली गेली एवढंच सांगतो आणि कॉफी पाजून परत पाठवतो.

वर्षभर मी हे झाकून ठेवलं. आता झाकवत नाही. गेल्या मंगळवारी कोंबड्यांना दाणे घालून मागच्या दाराने आत आले, तर हा स्वैपाकघरात उभा, हातात रायफल, नळी माझ्याकडे. तू कोण आणि घरात कशी शिरलीस, असं त्याने मला विचारलं. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला! हातातली बादली खाली ठेवायचंही मला सुचेना. तव्यावरचे घावन करपतील, एवढंच तोंडातून निघालं. मग त्याने रायफल भिंतीला टेकवली आणि ताट घेऊन बसला. नंतर मी बघितलं, आत काडतूस होतं.

काडतुसं मी पिठाच्या डब्यात लपवलीत, पण प्रत्येक कोटाच्या खिशात नवी निघतात. डॉक्टर म्हणतात, बंदुका घराबाहेर काढा, नाहीतर शेरीफला कळवा. दोन पोलीस ऑरिनचं कपाट रिकामं करताहेत हे मला बघवणार नाही. डच सगळ्या सांभाळायला तयार आहे. मी विषय काढला तर हा जेवणावरून उठला. तुझं ऐकतो तो. तू लिही. मला भीती वाटते, विल्मा. नवऱ्याची भीती वाटते असं लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

लोभ आहेच. आता त्याचीच गरज आहे.

नेटी


टोलेडो
४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. आधी कपाट उघड. डावीकडून दुसरी, बाबांची सॅव्हेज. बघून ये आणि मग पुढे वाच.

बघितलीस? सतरा वर्षं ती तुझ्याकडे आहे. दादा, तुझं विसरणं साधं नाही. दोन आठवड्यांपूर्वी तू स्वैपाकघरात भरलेली रायफल वहिनीवर रोखलीस आणि तिला विचारलंस की तू कोण. तुला आठवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर माझी झोप उडाली आहे.

बाबांनी आपल्याला बंदुकीला हात लावू देण्याआधी काय शिकवलं होतं? कुंपण आलं की काडतूस काढायचं, बंदूक बरोबरच्या माणसाच्या हातात द्यायची आणि मग तार ओलांडायची. माणूस कितीही पटाईत असो. तुझ्यापुढे कुंपण आलंय रे. बंदुका डचच्या हातात दे. मोसम उघडायच्या आधी दे.

मला शिव्या दे, पण एवढं कर. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी धाकटी,
विल्मा


हेमलॉक रन
११ नोव्हेंबर

चि. विल्मास,
अ. उ. आ.

तुझं पत्र स्टोव्हमध्ये टाकायला उठलो होतो. मग कपाट उघडलं. डावीकडून दुसरी. होती तिथे. नेटीला विचारलं की विल्मा लिहिते ते खरं का. ती नुसती ओट्याकडे बघत राहिली. मला उत्तर मिळालं.

शनिवारी डच ट्रक घेऊन आला. एकेक बंदूक मी उघडून बघितली, बोट घालून बघितली, रिकामी आहे याची खात्री केली आणि त्याच्या हातात दिली. बाबांनी शिकवलं तशी. सॅव्हेज सर्वांत शेवटी दिली. डच उगाचच तेल कुठलं लावायचं ते विचारत राहिला. चाळीस वर्षं दुकान चालवतो, त्याला तेल कळत नाही होय! मीही सांगत बसलो. नेटी तेवढा वेळ कोंबड्यांच्या खुराड्यात होती.

कपाटाच्या आत मी एक कागद चिकटवलाय. बंदुका मी स्वतः दिल्या, कुणी नेल्या नाहीत, असं लिहून खाली सही केली आहे. दुसऱ्या कुणाचं नाही तरी स्वतःच्या अक्षराचं ऐकेन.

वाईट फार वाटतं, विल्मे. मोसम उघडेल त्या सकाळी मी काय करायचं, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

लोभ राहू दे. माझ्याकडून कमी पडला तर तो दुखण्याचा दोष समज.

तुझा दादा,
ऑरिन


हेमलॉक रन
१० डिसेंबर

चि. विल्मास,
अ. आ.

मोसम उघडला त्या दिवशी पहाटेपासून टेकड्यांवर बार होत होते. ऑरिन शिकारीचा नारिंगी कोट घालून पडवीत बसला आणि आवाजावरून प्रत्येक रायफल ओळखत होता. एकही चुकला नसेल. दुपारी आत आला, कपाट उघडलं आणि ओरडला.

तेव्हापासून रोज हेच. सकाळी उठतो, कपाटाशी जातो, आणि रोज त्याच्या बंदुका नव्याने चोरीला जातात. कागद दाखवला तर म्हणाला, माझं अक्षर तू गिरवलंस. फाडून टाकला. डच समजवायला आला, तर त्याला ओळखलंच नाही. मी घोंगडीत गुंडाळून सगळ्या विकल्या असं तो धरून बसलाय. सहा दिवस माझ्या हातचं धड खाल्लेलं नाही. विष घालीन म्हणतो. कोट ढगळ व्हायला लागलाय त्याला.

सांगून सांगून दमले. कधी वाटतं, डचला म्हणावं आणून ठेव परत. रोखेल एखाद्या दिवशी माझ्यावर, पण तोवर चार घास तरी माझ्या हातचे खाईल. तू सांग काय करू. मला आता कळेनासं झालंय.

नाताळला येशील ना? त्या आशेवर आहे.

नेटी


टोलेडो
१७ डिसेंबर

सौ. नेटीवहिनीस,
स. न. वि. वि.

बंदुका परत आणायच्या नाहीत. पुन्हा मनातसुद्धा आणू नकोस. सोबतचं पत्र त्याला दे. उद्या विसरेल, तेव्हा उद्या पुन्हा दे. फाडेल म्हणून दहा प्रती लिहून पाठवते आहे, संपल्या की कळव. त्याला कुणावर तरी रागवायचंच आहे, तर मी तीनशे मैलांवर आहे आणि तू त्याच्या शेजारी. नाताळला मी येत नाही. आले तर तो माझ्याकडे बंदुका मागेल आणि सगळं फुकट जाईल. माझ्यासाठी रडू नकोस, त्याला जेवायला घाल.

विल्मा


टोलेडो
१७ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझ्या बंदुका मी नेल्या. तू टेकडीवर गेला होतास आणि वहिनी कोंबड्यांकडे होती, तेव्हा गाडी घेऊन आले आणि सगळ्या उचलल्या. बाबांची सॅव्हेजही. विचारलं असतं तर दिली नसतीस, म्हणून विचारलं नाही. बाबांची मीही मुलगी आहे.

वहिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळल्यावर ती माझ्याशी खूप भांडली, तुझ्या बाजूने भांडली. तिच्यावर संशय घेऊ नकोस. तिने वाढलेलं जेव.

बंदुका मी परत देणार नाही. चोर म्हणायचं तर मला म्हण.

लोभ असू दे असं या वेळी लिहीत नाही. जो काही उरला असेल तो वहिनीला दे.

विल्मा