भीमाशंकरचं हिरवं भात

५ ऑगस्ट १९७४, सोलापूर
आलो बुवा एकदाचा! शुक्रवार पेठेत खोली मिळाली. घरमालकीण रंभाबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. जोंधळ्याच्या मुलखात भातावर संशोधन, म्हणून कर्जतकडचे मित्र हसले होते. पण जागा मुद्दाम निवडलेली आहे. आसपास भात नाही, म्हणजे बाहेरचे तुडतुडे नाहीत. आम्ही पाळतो तेवढेच. हे हिरवे किडे रोगट रोपाचा रस पितात आणि निरोगी रोपाला रोग देतात. काचेच्या नळीने, तोंडाने ओढून ते धरायचे. नळीत मलमलीची चिंधी असते, नाहीतर थेट घशात! एक वाण माझं, एक सहकारी भीमाशंकरचं. दिवाळीला साहेब त्यातलं एकच निवडणार.

१९ ऑगस्ट
माझं वाण पिवळं पडलं, खुजं राहिलं. भीमाशंकरचं हिरवंगार, त्यावर तुडतुडा टिकतच नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मजूर तानाबाईसुद्धा म्हणाली, भीमासायबाचा हातच लई गुणाचा हाय.

२ सप्टेंबर
भीमाशंकर बार्शीला गेलाय. माझ्या रोगट रोपांवरचे तुडतुडे ओढले आणि त्याच्या रोपांभोवतीच्या जाळीत सोडले. टिकू नका म्हणावं, जाता जाता तोंड घाला, तेवढ्यानेही रोग लागतो. घाईत नळी त्याचीच उचलली. तो रोज चिंधी धुऊन वाळत घालतो, हे विसरलो. एक-दोन घशात गेले. खोकलो, पाणी प्यालो. पण जीव कसा थंड झाला.

१० सप्टेंबर
त्याचं भात अजून हिरवंच. माझी नखं मात्र टोकांकडून पिवळी, नारिंगी. रंभाबाई म्हणाल्या, कावीळ असंल, दवाखान्यात जावा की. डॉक्टर म्हणाले, कावीळ नाही.

१७ सप्टेंबर
पँट पायाखाली येते. पँट तीच आहे, मीच — तुडतुडे त्याची रांग सोडून माझ्यावर येतात. बसूनच राहतात. भीमाशंकर हसून म्हणाला, त्यांना तुम्हीच गोड लागता.

२४ सप्टेंबर
उन्हात, चिखलात पाय रोवले की बरं वाटतं. तेही त्याच्याच जाळीत. भात कमरेला होतं, आता खांद्याला लागतं. इतकं होऊनही त्याचाच हेवा वाटतो. एक पातंसुद्धा पिवळं —

२६
पाय निघत नाहीत. पेन्सिल जड. भात डोक्यावर गेलं.
भीमाशंकर तानाबाईला सांगतोय, पिवळं दिसलं की उपटून जाळ. ती म्हणते, व्हय सायेब, एकच हाय, खुजं. मी हाक मारली. तिने पाहिलं, वारा आलाय म्हणाली.
एवढं काढलं की रांग चोख, म्हणतो. त्याची रांग. त्याचीच —
वाकली. तिची मूठ माझ्या