मावशीची थुंकी युरोपभर

तीर्थरूप फिलोफ्तेया मावशीस,

ब्रसेल्सहून तिबेरियूचा तुझ्या हाताला मुका. गुडघे काय म्हणतात? शेळी व्याली का? मी ठणठणीत आहे. फक्त रस्त्यावर टोपी डोळ्यांवर ओढून चालावं लागतं, आणि त्याला कारण तू आहेस.

परवा मी ज्या खानावळीत बशा विसळतो (सुतारकाम सोडलं; त्या मालकाला भुवयाच नव्हत्या, रागावलाय की हसतोय तेच कळायचं नाही), तिथल्या टीव्हीवर एकदम तू! डोक्याला तोच जांभळा रुमाल. आपली ऑर्टान्सा, युरोपच्या सरकारातली आयुक्त, गावच्या पुलाचं उद्घाटन करायला आलेली, आणि तू गर्दी फोडून पुढे घुसून ओरडतेस, "अगं ऑर्टान्से, काय देखणी दिसतेस गं! थू थू थू!" आता तान्ह्या बाळापासून नवरीपर्यंत कुणाचंही कौतुक केलं की दृष्ट लागू नये म्हणून आपण थुंकल्यासारखं करतो, हे आपल्या रोमानियात कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पण परदेशी वार्ताहरांना कोण सांगणार? जर्मन पेपरात मथळा आला, "जन्मगावच थुंकलं आयुक्तांच्या तोंडावर!" फ्रेंचांनी तुझ्या सुरकुत्यांवर पानभर लेख लिहिला (त्यात तू 'पूर्वेचा दडपलेला संताप' आहेस, फोटो मात्र छान आलाय, दात दिसत नाहीत). इटलीच्या वाहिनीने तर तुझी थुंकी इतकी सावकाश दाखवली की माझ्या हातातली बशीच निसटली.

आता विरोधक म्हणतात, जिला तिचं गावच विचारत नाही, तिने खुर्ची सोडावी. गुरुवारी संसदेच्या समितीपुढे तिची सुनावणी आहे. खुर्ची राहते की जाते, ते तिथेच ठरेल.

मला राहवेना. एप्रनसकट इथल्या टीव्ही वाहिनीच्या दारात जाऊन सांगितलं, "ती माझी मावशी आहे!" लगेच आत घेऊन तोंडाला पावडर फासली. (तिथे बिस्किटं फुकट असतात, हे कुणी कधी सांगत नाही.) निवेदिका म्हणाली, "प्रेमाने थुंकतात? म्हणजे नेमकं कसं?" मावशी, ती बाई खरोखरच देखणी होती. मी मनापासून कौतुक केलं. तू कोरडं थुंकतेस, तुझा सराव आहे. माझ्या तोंडात बिस्किट होतं.

दुसऱ्या दिवशीचा मथळा, "आणखी एक रोमानियन थुंकला."

बाकी सर्व ठीक. काळजी करू नकोस. शेळीला गोंजार.

तुझा,
तिबेरियू

ता. क. ऑर्टान्साचा फोन आला होता. "तिब्या, गाढवा, एक थुंकी पुसायला गेलास आणि दुसरी टाकून आलास! आता मावशीलाच बोलाव, तीच समितीला समजावेल." तेव्हा बुधवारच्या आत ये. येताना आलुबुखारच्या दारूची बाटली आण, समितीसाठी नाही, माझ्यासाठी.

ता. क. आणखी एक. सगळा युरोप टक लावून बघतोय, त्यामुळे बिचाऱ्या ऑर्टान्साचं डोकं ठणकतंय. इथे थुंकणारं कुणी नाही. आल्याबरोबर आधी तिची दृष्ट काढ. खोलीत, दार लावून.

ता. क. शेवटचं. समितीचे अध्यक्ष डेन्मार्कचे आहेत. उंचेपुरे, निळे डोळे, सोनेरी केस, अगदी राजबिंडे. तुला कौतुक वाटणारच. पण मावशी, तुला शेळीची शपथ, तेवढं एक कौतुक गिळ.