समुद्र उजव्या हाताला

१ जानेवारी, बुधवार
यंदा संकल्प एकच, आणि तो पाळणारच. पाली ते बोर्ली, समुद्राच्या कडेने, स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत.

कारण दीक्षा. आमची एकुलती एक. नर्सिंग केलं, पनवेलला नोकरी केली, आता मस्कतच्या हॉस्पिटलात लागलीय. चार फेब्रुवारीचं विमान. दोन वर्षांचा करार, मध्ये सुट्टी नाही. काल जेवताना विचारलं, जाण्याआधी बापाकडून काय हवंय? वाटलं मोबाइल मागेल. म्हणाली, आपण तिघं गाडीने आजीला भेटायला जाऊ. आजी म्हणजे पुतळाबाई, माझ्या सासूबाई. बोर्लीला एकट्या असतात, हल्ली ओटीवरून खाली उतरत नाहीत.

एवढंच ना! म्हटलं, नुसतं भेटायला काय जायचं? सीनिक रूटने जाऊ.

प्रज्ञा म्हणाली की माणगाव-म्हसळ्यावरून सरळ रस्ता आहे, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला आईकडे. बायको शाळेत शिकवते, तिला सरळ रेघा आवडतात. मी ऐकलं नाही.

२ जानेवारी, गुरुवार
रूट फायनल. पाली, नागोठणे, अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरुड, आगरदांडा. तिथे गाडीसकट बोटीत, खाडी ओलांडून दिघी, पुढे बोर्ली. एक रात्र सासूबाईंकडे. अलिबागपासून समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. असं नियोजन सहज होत नाही. ऑफिसात इतकी वर्षं लोकांच्या रस्त्यांची अंदाजपत्रकं टाइप केली ती काय उगाच?

शेजारच्या टेबलावरच्या रघूला सांगितलं. तो म्हणाला, गाडी पालीच्या वेशीबाहेर तरी नेलीस का कधी? जळतो.

५ जानेवारी, रविवार
गाडी दिवाळीत घेतली. सेकंड-हँड, पण एकाच हातची. आमच्या आळीला दोन्ही अंगांनी वाट आहे. या तोंडाने आत यायचं, दारात उभी करायची, त्या तोंडाने बाहेर जायचं. गाडी पुढे जायला बनवलेली असते. ज्याला मागे न्यावी लागते त्याचं नियोजन आधीच चुकलेलं असतं.

दीक्षा म्हणाली, बाबा, रस्त्यात लोकांना अडचण होते, कंपाउंडात लावा की. म्हटलं, तिथे तुझ्या आईचा कढीपत्ता आहे.

घरात बसवत नाही. सारखा उठून टायर बघतोय. टायर ठीक आहेत.

८ जानेवारी, बुधवार
दीक्षाची मैत्रीण माहीन आधीच मस्कतला आहे, दीक्षा तिच्याच खोलीवर राहणार. माहीनचे वडील खलीलभाई मुरुडचे, उमेदीची वर्षं त्यांनीही तिकडेच काढली. त्यांना फोन लावला. फार अदबीने बोलले. जेवल्याशिवाय पुढे सोडणार नाही म्हणाले. आणि म्हणाले की आगरदांड्याला जंगल लागते, तिच्यात गाडी चढवली की समोर दिघी.

जंगल! नकाशात नव्हतं. पण मी अनुभवी माणसासारखा आवाज ठेवला. जनावरं वगैरे असतात का, एवढंच विचारलं. खलीलभाई म्हणाले, सुट्टीच्या दिवशी फार.

रघूकडून दुर्बीण आणली. टॉर्च, काठी, जाड बूट काढून ठेवले.

१० जानेवारी, शुक्रवार
उद्या निघायचं होतं. पुढे ढकललं, जंगलाची तयारी कमी पडते म्हणून. दीक्षाला कारण सांगितलं तर पोट धरून खाली बसली. जंगल म्हणजे झाडंबिडं नव्हे. पूर्वी दोन होड्या शेजारीशेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि माणसं, बैल सगळं पलीकडे न्यायचं. त्या तराफ्याला जंगल म्हणतात. आता लोखंडी बोट आली तरी बंदरावर नाव तेच, जंगल जेटी.

प्रज्ञालाही माहीत होतं. माहेरच तिकडचं. मग मी दुर्बीण पुसत होतो तेव्हा बोलली का नाही? म्हणे, तुम्ही विचारलं नाहीत.

ट्रिप पुढच्या शनिवारी. रघूला दुर्बीण परत केली. वाघ दिसला का विचारत होता. त्याला कोणी सांगितलं ते शोधून काढणार आहे.

१३ जानेवारी, सोमवार
खलीलभाईंचा फोन. आधी सगळी खुशाली. मग सहज म्हणाले की जंगलला तोंड एकच, म्हणून जेटीच्या उतारावरून गाडी रिव्हर्समध्ये आत घ्यावी लागते, म्हणजे दिघीला सरळ उतरता येतं. तुम्हाला सवय असेलच.

असणारच, म्हटलं.

जेवण गेलं नाही. सध्या हवाच तशी आहे.

१५ जानेवारी, बुधवार
बोटीच्या सुरक्षिततेबद्दल माझ्या काही तांत्रिक शंका आहेत. त्या आज जेवताना मांडल्या. प्रज्ञा म्हणाली, लहानपणापासून त्या खाडीतून जातोय, एकदा तर मामाची म्हैस नेली होती. मी म्हणालो, म्हशीला रिव्हर्स गिअर नसतो. का म्हणालो कोण जाणे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार
सकाळी लवकर शाळेच्या मैदानात गाडीची चाचणी घेतली. दोन विटा ठेवल्या, मधून मागे यायचं. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं हा मूळ दोष आरशाचा. दोन्ही विटा गेल्या. नंतर हातपंप आला. मैदानाच्या मधोमध हातपंप बसवायला परवानगी देणाऱ्याची चौकशी व्हायला हवी. (ऑफिसात फाइल काढून पाहिली. पत्र माझ्याच हाताने टाइप झालंय. असो.)

मागचा दिवा फुटला. घरी सांगितलं, ट्रकने घासली. त्यामुळे उद्याची ट्रिप रद्द. या ट्रकवाल्यांना काही धरबंधच राहिला नाही.

दीक्षाने फुटलेल्या दिव्यावरून हात फिरवला. काचेत हातपंपाचा निळा रंग चिकटला होता.

२० जानेवारी, सोमवार
सासूबाईंचा फोन. स्पीकरवर होता म्हणून ऐकू आलं. कवा येतेस गो, मी रोज ओटी झाडून बसतंय, माजा काय भरवसा हाय का. दीक्षा हसत हसत बोलत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. मी उठून टायरमधली हवा बघून आलो.

प्रज्ञा म्हणाली, आम्ही दोघी एसटीने जाऊन येतो. मी संतापलो. पोरीने जन्मात एकदा बापाकडे काही मागितलं आणि तिला एसटीत कोंबू? शब्द म्हणजे शब्द. पंचवीसला पक्कं. आता आभाळ कोसळलं तरी बदल नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
बदल. परवा सव्वीस जानेवारी, झेंडावंदनाला हजर राहणं सक्तीचं. हे आधी कोणी सांगायला नको? रघू म्हणाला, सव्वीस जानेवारी दरवर्षी असते. शिवाय सव्वीस जानेवारी शनिवार-रविवारातच, म्हणजे अर्धी मुंबई नागावला. असल्या गर्दीत सीनिक काय दिसणार?

नवीन तारीख एक फेब्रुवारी. दीक्षा "बरं" म्हणाली. तिचं हे बरं मला आवडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बॅग भरत होती.

२९ जानेवारी, बुधवार
उपाय सापडला. मुरुड सोडताना माझं मनगट लचकणार. मग जेटीवरच्या कोणालातरी, केवळ मनगटामुळे, गाडी आत घ्यायला सांगायचं. क्रेप बँडेज आणलं. आरशासमोर कण्हून पाहिलं, चांगलं जमतं.

सायंकाळी: मुलगी नर्स आहे हे विसरलो होतो. मेडिकलवाला बँडेज परत घेत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार. आगरदांडा, गाडीत
निघालो! आणि पोचलोही. निदान इथपर्यंत.

वडखळला ट्रॅफिक. अलिबागनंतर रस्ता अरुंद, समोरून टेम्पो. माझी नजर रस्त्यावरून हलली नाही, हात स्टिअरिंगला चिकटले होते. काशीदला दोघी किती सुंदर, किती सुंदर म्हणत होत्या. असेल. खलीलभाईंकडे सुरमई, तांदळाच्या भाकऱ्या, एवढा आग्रह. मला घास गिळेना. पोट ठीक नाही म्हणालो. दीक्षाने नाडी बघितली आणि हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

जेटी. समोर पाणी, जंगल लागलेली, मागे गाड्यांची रांग. आमचा नंबर आला. बोटीवरच्या माणसाने ओरडून सांगितलं, रिव्हर्स घ्या. रिव्हर्स घेतला. गाडी मागे गेली, पण बोटीकडे नाही. उतारावर आडवी झाली. मागे वाळत घातलेली जाळी, पुढे कठडा, सगळीकडून हॉर्न. दीक्षा हळू आवाजात म्हणाली, बाबा, तुम्ही इकडे बसा, मी घेते.

तिने चावीकडे हात केला. मी चावी घट्ट धरली. एवढ्या लोकांसमोर? म्हटलं, तुला नाही जमायचं, आणि ही बोट ओव्हरलोड आहे, पुढची घेऊ. पुढची आली. म्हटलं, पाणी ओसरतंय, हीसुद्धा नको. प्रज्ञा पिशवी घेऊन उतरली. दीक्षाही उतरली, माझ्या खिडकीपाशी आली.

"बाबा, मला फक्त आजीला भेटायचं होतं. समुद्र तुम्हाला हवा होता."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण त्या दोघी माणसांच्या रांगेतून बोटीत गेल्या आणि बोट सुटली.

चार जणांनी गाडी ढकलून जाळ्यांशेजारी लावून दिली. पुढे जागा नाही, म्हणजे मागे घेतल्याशिवाय निघत नाही. काही बिघडलं नाही. गाडी सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. इथून खाडी छान दिसते.

ऊन उतरल्यावर प्रज्ञाचा फोन. पोचल्या. मागे सासूबाईंचा आवाज, जावई खय ऱ्हायले? आणि दीक्षाचा आवाज, बाबांना ऑफिसातून अचानक बोलावलं गं आजी, नाहीतर येणारच होते. पोरीने माझ्यासाठी खोटं सांगितलं. माझ्यासारखंच, न अडखळता. फार वाईट वाटलं.

खलीलभाई येऊन उभे आहेत. घरी चला म्हणतात. गाडीचं काय झालं, विचारत नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळच्या बोटीने दोघी परत आल्या. दीक्षाने हात पुढे केला, मी चावी दिली. तिने एकदा मागे पाहिलं आणि एका दमात गाडी जाळ्यांमधून बाहेर काढली. पनवेलला क्लास लावला होता म्हणे. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं.

मी शेजारी बसलो. परत येताना समुद्र डाव्या हाताला, माझ्या खिडकीत. मुरुड, नांदगाव, काशीद. एवढा मोठा असतो हे लक्षात नव्हतं. कोर्लई आल्यावर म्हणालो, छान चालवतेस. ती म्हणाली, आजीने तुमच्यासाठी सुक्या कोलंबीचे सोडे दिलेत, पिशवीत आहेत. आजी कशी आहे विचारलं. म्हणाली, मला जवळ घेऊन नुसती बसून होती.

घरी आल्यावर तिने गाडी थेट कंपाउंडात घातली, तोंड भिंतीकडे. कढीपत्त्याचं पान हललं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
तिला विमानतळावर मीच सोडणार होतो. तसं ठरलेलं होतं. गाडीत बसलो, सुरू केली. समोर भिंत. आरशात मागे दीक्षा, तिची बॅग आणि फाटक. बंद केली. बॅटरी उतरली म्हणालो. इंजिनाचा आवाज तिघांनीही ऐकला होता. दीक्षाने टॅक्सी बोलावली.

विमानतळाच्या दरवाजातून आत जाताना ती उलटी चालत गेली, आमच्याकडे बघत, ट्रॉली मागे ओढत. कुठेही धडकली नाही. मी हात हलवत राहिलो. प्रज्ञाने धरून वळवलं तेव्हा कळलं की ती केव्हाच दिसेनाशी झाली होती.

९ फेब्रुवारी, रविवार
दीक्षाचा व्हिडिओ कॉल. ड्यूटी सुरू झाली. माहीनने वरणभात केला होता. खोली बरी आहे, खिडकीतून दुसरी इमारत दिसते. गाडीबद्दल तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

रघू ट्रिप कशी झाली विचारत होता. अप्रतिम, म्हटलं. समुद्र एवढा मोठा असतो रे, म्हटलं. एवढं खरं होतं.

गाडी अजून तशीच आहे, तोंड भिंतीकडे, काचेवर धूळ. प्रज्ञा म्हणते, आईला महिन्यातून एकदा बघून यायला हवं. रघूला सांगू, पाच मिनिटांत वळवून देईल, नाहीतर तुम्ही तरी शिका. मी नको म्हणालो. बॅटरीचं काम आहे, घाईत करण्यासारखं नाही. दीक्षाने लावलीय, दीक्षाच काढेल. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.