अण्णा, लाल टॉवेल आणि क्वाय नदीवरचा पूल

ईसा टाउन, बहरीन
१२ नोव्हेंबर १९८४

श्री. राजनराव यांना गुरुप्रसादचा सप्रेम नमस्कार.

तुमची खुशाली कळली. (मंगलावहिनींची कंबर आता वाकते का?) इकडे तुमच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ब्लडप्रेशर सलमानिया हॉस्पिटलात तपासून घेतलं. ते माझ्यापेक्षा उत्तम निघालं. माझं का वाढलंय ते पुढे कळेलच. अण्णांना आता कायमचं आमच्याकडेच ठेवावं का, असं तुम्ही विचारलंत. उत्तर देतो, पण आधी थायलंडची हकिगत ऐका.

ज्या माणसाची हयात रेल्वेचे रूळ तपासण्यात गेली, त्याला तुम्ही जिथे औषधालाही रूळ नाही अशा देशात पाठवलंत. विमानतळावरून येतानाच त्यांनी टॅक्सीवाल्या ताहिरला स्टेशन कुठे म्हणून विचारलं. तो "मफी" म्हणाला, म्हणजे नाही. हे उत्तर अण्णांनी आजतागायत मान्य केलेलं नाही. तेव्हापासून हात मागे बांधून, मान खाली घालून त्यांच्या घरात फेऱ्या चालू आहेत. एखादी फरशी हलते का, ते पायाने दाबून बघतात. (एक हलते. आता घरमालक माझ्याशी बोलत नाही.) त्यांच्या फेऱ्यांमुळे मलाही बसवेना, तुमच्या बहिणीला, लीनालाही बसवेना, जेवायलासुद्धा आम्ही उभेच राहायला लागलो. शेवटी लीना म्हणाली, अण्णांना एकदा डोळे भरून गाडी दाखवून आणू. तिच्या मैत्रिणीने कांचनबुरीचे फोटो आणले होते. महायुद्धात जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेली रेल्वे, क्वाय नदीवरचा पूल, शिवाय धबधबे नि गुहा. त्यांना रूळ, आम्हाला हिरवळ. मी लगेच रजा टाकली.

पहिल्या दिवशी एरावनचा धबधबा पाहिला. एवढं गोडं पाणी फुकट वाहून जाताना बघून वाळवंटात राहणाऱ्याला बादली आठवतेच. नवा लाल टॉवेल काठावर ठेवून मी डुंबलो. मासे पाय कुरतडत होते आणि काठावरून अण्णा गाडीची वेळ विचारून डोकं. गुहेतल्या बुद्धाला त्यांनी मनोभावे नमस्कार केला आणि छताला टेकू हवा, असं सांगून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पूल. तिथे लोक रुळांवरून हिंडतात, गाडी आली की बाजूला होतात. अण्णा इतके खुलले की मला भरून आलं. ते वाकून एकेक बोल्ट बघत पुढे गेले, आम्ही मागे फोटो काढत राहिलो, आणि तेवढ्यात गाडी आली. सगळे बाजूला झाले. अण्णांनी मागे धावत येऊन माझ्या पिशवीतून लाल टॉवेल ओढला आणि मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी फडकवला. गाडी थांबली. (गोऱ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.) स्टेशनमास्तर धावत आला. "नट ढीला है, गाडी मत छोडो!" अण्णांनी त्याला हिंदीत ठणकावलं. त्याने पान्याने पाहिलं, नट घट्ट होता. गाडीच्या वजनाने बसला असेल, असं अण्णांचं म्हणणं. मी हात जोडून माफी मागितली. टॉवेल जप्त झाला.

मग युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी. हिरवळीवर ओळीने दगड, प्रत्येकावर नाव, बहुतेक पोरंसोरं. अण्णांनी टोपी काढली. बराच वेळ फिरल्यावर त्यांनी गाईडला विचारलं, सोबत मजूरही हजारोंनी मेले म्हणता, मग गँगमनची नावं कुठे आहेत? त्यांची इथे नाहीत, असं तो म्हणाला. अण्णा तिथेच खाली बसले.

तेव्हा राजनराव, स्पष्टच लिहितो. अण्णांना मनमाडला परत न्या. तुमच्या भिंतीला लागून लाइन जाते, दिवसभर गाड्या दिसतील, जीव रमेल. तिकीट मी काढतो.

आपला,
गुरुप्रसाद

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी लीनाने हे पत्र अण्णांना वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "मनमाडला खिडकीसमोरून दिवसभर गाड्या जातात, जावईबापू. माझ्यावाचून सगळ्या वेळेवर जातात. इथे निदान गाडीच नाही." मला फार वाईट वाटलं. वरचा तिकिटाचा मजकूर खलास समजावा. अण्णा इथेच राहतील.

ता. क. २. सौदीपर्यंत समुद्रावर जो पूल बांधतायत, तो किनाऱ्यावरून बघायला ताहिर त्यांना दर शुक्रवारी नेतो. त्यावर रूळ घालायचे राहिलेत, हे इंजिनियर लोकांच्या आज ना उद्या लक्षात येईल आणि तेव्हा माणूस हाताशी हवा, असं अण्णांचं मत आहे.

ता. क. ३. त्यासाठी माळ्यावरच्या ट्रंकेतले आपले लाल-हिरवे दोन्ही झेंडे त्यांनी मागवलेत. कुणी येणारं असलं की पाठवा. हिरवा तेवढाच पाठवा.