आबा मशीन बंद करतात तेव्हा

१९ जानेवारी
देवपूर साइट. जमिनीत उतरवलेला ट्रायल पाइलचा खांब परत खाली. गेजवर काल दोन रेघा, आज तीन. वर वाळूच्या गोण्या रचून आठवडा झाला, एव्हाना गप्प बसायला हवा होता. अभ्यासिकेचे सगळे पाइल माझ्या हिशोबाने. पहिलंच स्वतंत्र काम, अन् हे. शेजारी डाळ मिलची मोठी चाळणी दिवसभर थडथडते, खाली नदीची वाळू. जळगावहून सरांचा फोन: मशीनमुळे बसत असेल तर पाइल रद्द, शनिवारी सांग.

२० जाने.
काळजीने पाच फेऱ्या मारल्या. सहा रेघा!! जितकी जास्त काळजी, तितका जास्त खाली. माझी नजर लागते की काय मेल्याला.

२१ जाने.
धरणगाव, मावसबहिणीचा साखरपुडा. जीव साइटवर. मावशी डब्यात दादर भरत होती. "आपटल्याशिवाय बसत नाही गं," म्हणत डबा दोनदा दणकावला. ज्वारी बोटभर खाली! बघतच राहिले. वाळूही दाणेच की. पण तिथे दणका देतंय कोण? चाळणी तर एका लयीत...

२२ जाने.
काल मी नव्हते, तर एकच रेघ. डोकं फिरलं. चाळणी सांभाळणारे मिलचे आबा, त्यांना चिडूनच विचारलं, काल काय वेगळं केलंत?
"काहीच नही. तुम्ही उन्यात का मी मशीन बंद करस, ताई. पाव्हनाना मान शे तो."
म्हणजे मी आले की दर फेरीला एकदा बंद, वर संध्याकाळी सुट्टीला एकदा. काल फक्त संध्याकाळी एकदा बंद झालं होतं.
पाइलच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं चालू करा, मग करा बंद. चालू असताना नुसत्या मुंग्या, गेजचा काटा ढिम्म. बटण दाबलं. चाळणी मंदावली, अन् थांबायच्या जरा आधी, एका ठरावीक वेगाला, अख्खी झोकांड्या खायला लागली. त्याच क्षणी जमिनीतून काहीतरी वर आलं, तळहातातून पार खांद्यापर्यंत. दोन-तीन सेकंद. काटा एक रेघ खाली.
बाप रे. पुस्तकात वाचलं होतं, सुरू होताना तो वेग झटकन ओलांडला जातो, थांबताना मशीन त्यात रेंगाळतं. पास होण्यापुरतं वाचलं होतं. आज हात कितीतरी वेळ काढवेना. पायाखाली एवढं चाललेलं असतं अन् आपण वरून चहा पीत फिरतो.
आबा खजील. "म्हंजे मना मानच भारी पडना का, ताई?"

२४ जाने., शनि.
सरांनी सुचवलेला ब्रेक मिस्त्रीने सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधीच बसवला. आता चाळणी झटकन थांबायला हवी. दिवसभर आबांनी मला पाहूनही मशीन बंद केलं नाही, त्यांना ते फार जड गेलं. काटा जागचा हललेला नाही.
साडेसहा. सातला सरांना सांगायचंय; बंद होताना काटा हलला तर पाइल रद्द. गोणीवर बसून लिहितेय, डावा हात पाइलवर. आबा बटणापाशी.
"करू का बंद, ताई?"
जरा थांबा, म्हटलं. थांबलेत.