फळीमागचं वायरिंग

बाबा,

काल तुमची छोटी आगगाडी दुरुस्त करून आले. शाळेच्या प्रयोगशाळेत ती टेबलावर मांडलेली आहे, पाटीवर अजून तुमचं नाव आहे, आणि त्याखाली 'वायरिंग' म्हणून भावाचं. मागच्या रुळावर वीज येत नव्हती म्हणून शाळेने त्याला नागपूरला फोन केला आणि त्याने मला. "ताई, मले तं त्यातलं काईच समजत नाई. तूच जाय ना." इतक्या सहज म्हणाला, जसं मधे काही घडलंच नव्हतं.

ती गाडी आपण वर्ध्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात टेबल लावून उभारली. तुम्ही सिग्नल खात्यातले, टेबलावरचे रूळ तुम्हीच बसवलेत. पण दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदमच धावायची आणि एकमेकांवर आपटायची. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. म्हटलं, दोनातला एक रूळ जागोजागी कापू, प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण देऊ. बटण बंद केलं की तिथलं इंजिन उभं राहील. तुम्ही भडकलात. "चांगला रूळ कापून राह्यली! पागल झाली का?" तरी मी कापला. फळीवर चार बटणं बसवली, लाल वायरी ओढल्या. एक इंजिन थांबून दुसऱ्याला वाट देताना पाहिलं आणि तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नवं सोल्डरिंग आयर्न आणलंत.

निवृत्तीनंतर गाडी शाळेला दिलीत. तिथे प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. अर्ज आम्ही दोघा भावंडांनी केला होता, डिप्लोमा मात्र माझ्याकडे. गाडी देण्याच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी विचारलं, हे बटणांचं डोकं कोणाचं? मी खुर्चीवरून अर्धी उठलेच होते. तुम्ही म्हणालात, "माझ्या पोराचं." तो मान खाली घालून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर विचारलं, "बाबा, काऊन?" चपला काढत तुम्ही म्हणालात, "तुले काय, तू जाशीन उद्या आपल्या घरी. त्याले पोट भरा लागते." नोकरी त्याला लागली, दोन वर्षांत त्याने ती सोडलीही. परक्या माणसाने खोटं सांगितलं असतं तर मी विसरले असते. पण तो रूळ कोणी कापला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटच्या दिवसांत सेवाग्रामच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी वाट पाहत होते, आता तरी काही म्हणाल. तुम्ही पंखा कमी करायला सांगितलंत.

काल फळी उलटी केली. तिसऱ्या बटणाची वायर सुटली होती. कथलाचा डाग देऊन ती जोडली, गाडी धावली. तिथल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "ताई, हे कोणापासून शिकल्या तुम्ही?" आधी तार तापवायची, मग कथील लावायचं, हे तुम्ही माझा हात धरून शिकवलेलं. मी म्हटलं, "कोणापासून नाई. माझी मीच."

हे पत्र वहीतच राहील. एवढं मात्र कबूल करते, ते म्हणताना मला फार बरं वाटलं, आणि शाळेच्या फाटकापर्यंतही ते टिकलं नाही.