न चाळलेलं पीठ

प्रिय सूनबाई,

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकताच तू ठेवून देशील अशी शंका आहे. शिवाय फोनवर मी भांडतो. कागदावर तेवढं भांडता येत नाही, हात दुखतो. अक्षर लावून घे, शाळेत टिकलो असतो तर बेकरीत कशाला गेलो असतो?

आधी खरं सांग, या आजोबाची ठमी बरी आहे ना? तुझा नवरा सांगतो की तुझ्या माहेरी गेल्यापासून तिचं पोट फुगलं नाही, जुलाब थांबले, नावाला शोभेल असं थोडं मांसही चढलं. तो माझी समजूत घालायला वाटेल ते सांगतो, लहानपणापासूनची खोड आहे. आणि खरं असेल, तर मग या घरातच तिला काय होतं? हा किडा डोक्यातून जाईना.

त्या डॉक्टरीणबाईंचं मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. गव्हाच्या ज्या चिकटपणावर मी जन्मभर पाव फुगवले, तोच म्हणे पोरीच्या आतड्याला सोसत नाही. आतड्याचं अस्तर जुन्या चाळणीसारखं सैल झालंय, नको ते आरपार जातं, आतल्या जिवाणूंचीही घडी विस्कटली आहे, असं त्या म्हणाल्या. जिवाणूंचं तेवढं पटलं. खमीर बिघडलं की सगळा घाणा कसा वाया जातो ते मी पाहिलंय. पण कणभर गव्हानंही त्रास होतो म्हणाल्या, तेव्हा मी हसलो होतो. गहू बंद झाला तरी पोट दुखायचं राहीना, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. म्हातारा चोरून बिस्किटं देतो, असंच ना? तोंडानं बोलली नाहीस, पण बरणी वरच्या फळीवर गेली ते मला दिसलं. मग मीही पाहुण्यांसमोर बोलून बसलो, की तूच पोरीला उपाशी ठेवून आजारी पाडतेस. तू बॅग भरलीस.

तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांवर नजर ठेवली. तुझ्या नवऱ्याचे खिसे तपासले. बिस्किटाचा चुरा सापडला, पण तो स्वतःच खातो. शेजारीणबाईंना आडून विचारलं, त्या आता माझ्याशी बोलत नाहीत.

परवा, तुम्ही याल या आशेनं, ठमीचं तांदळाचं पीठ आणलं आणि चाळायला घेतलं. पांढऱ्या पिठात तांबूस कोंडा! सापडला चोर, म्हटलं. तसाच दुकानात गेलो आणि भेसळ करतोस म्हणून गिऱ्हाइकांदेखत दुकानदाराला नाही नाही ते बोललो. त्यानं माझ्यासमोर बंद पिशवी फोडून काळ्या ताटात ओतली. पांढरंशुभ्र. आजोबा, म्हणाला, आता जरा घरी झडती घ्या. तेच पीठ घेऊन तणतणत घरी आलो, चाळणीत ओतलं, कडेला थापट मारली. पुन्हा तांबूस ठिपके.

चाळणी माझी. बेकरी सोडताना आठवण म्हणून आणलेली. तिच्या जाळीच्या कडेत जन्माचा गहू अडकला आहे. न चाळलेलं पीठ मला बघवत नाही, म्हणून ठमीचं पीठ डब्यात भरण्याआधी मी दर वेळी चाळायचो. तू स्वयंपाकघरात यायच्या आत. पोरीच्या घशाला गुठळी लागू नये म्हणून, अगदी प्रेमानं.

एवढं सांगायलाच लिहायला बसलो. सगळ्यांचे खिसे तपासले, माझाच हात तपासायचा राहिला. चाळणी बेकरीत परत टांगून आलो. डबा घासला आहे, पण माझ्या घासण्यावर माझा भरवसा नाही, तू पुन्हा घास. ठमीसाठी नवी चाळणी आणली आहे. तिच्यावरचा कागद मी फोडलेला नाही. पीठ समोर आहे, हात शिवशिवतात, तरी फोडलेला नाही. तो तू येऊन फोड.

तुझाच,
हात मागे बांधून बसलेला सासरा